विलंबितातले नाना

नानांच्या घरी गाणं ऐकायला जायचं म्हणजे चपला बाहेर, मोबाइल बाहेर आणि स्वतःचं मतही बाहेर ठेवून आत जायचं. दारावर पाटी आहे: "रेकॉर्ड चालू असताना बेल दाबू नये. बेलचा ठोका स्पीकरमध्ये येतो. दार वाजवावे, तेही दोन गाण्यांच्या मध्ये." आत गाणं संपलंय की गवई नुसता श्वास घेतोय, हे बाहेर उभ्या असलेल्याला कसं कळावं, असं मी एकदा विचारलं होतं. "ज्याला ते कळत नाही, त्याने येऊच नये," असं उत्तर मिळालं. मी सदाशिव पेठेत वाढलोय. असल्या उत्तराला मी "या, बसा" समजतो.

नाना एरंडवण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी दुसऱ्या. म्हणजे त्यांच्या बेसचा पहिला मानकरी मी. नानांचा जन्म १९५३ चा. सवाई गंधर्व महोत्सव आणि आकाशवाणीचं पुणे केंद्र ही दोन्हीही त्याच वर्षातली, आणि हा निव्वळ योगायोग नव्हे असं नानांच्या बोलण्याचा सूर सांगतो. सगळी नोकरी बँकेच्या ऑडिट खात्यात गेली. दुसऱ्याने घेतलेला निर्णय कसा चुकला हे सांगण्याचा पगार त्यांना पस्तीस वर्षं मिळाला. स्वतः निर्णय घेण्याचा सराव त्यामुळे राहूनच गेला.

माणूस काटकसरी. लग्नपत्रिकेचा कोरा भाग कापून त्यावर वाणसामानाची यादी लिहिणार, कोथिंबिरीच्या जुडीत दोन रुपयांसाठी मंडई पालथी घालणार, रिक्षाला हात करण्याआधी बस येतेय का ते अर्धा तास बघणार. आणि हाच माणूस गेली तीन वर्षं साडेचार लाखांचा प्रीॲम्प घ्यावा की न घ्यावा, या विचारात आहे.

प्रीॲम्प म्हणजे काय, हे नानांकडून ऐकू नये, वहिनींकडून ऐकावं. नाना सुरू करतात ते रेकॉर्डच्या सुईपासून. सुईतून निघणारा विजेचा अंश मिलिव्होल्टात मोजावा इतका कमी. तो वाढवायचा, रेकॉर्ड कापताना मुद्दाम दाबलेला खर्ज परत वर काढायचा, चढवलेले तीव्र स्वर खाली आणायचे, मग सीडी, रेडिओ, रेकॉर्ड यांतलं काय ऐकायचं ते निवडायचं आणि बेताच्या आवाजात पुढच्या मोठ्या ॲम्प्लिफायरच्या हाती सोपवायचं. "बैठकीत तानपुरा लावून देणारा माणूस असतो ना," नाना म्हणतात, "तो गात नाही. पण तो चुकला की सगळी बैठक गेली." वहिनींची व्याख्या थोडक्यात आहे: "आवाज लहानमोठा करायचं बटण."

"बटण नाही गं ते!"

"मग काय आहे?"

"त्यात बटण असतं."

आता यातली खरी गंमत नानांनीच मला एकदा भावनेच्या भरात सांगितली आणि नंतर ते पस्तावले. सीडी प्लेअरमधून दोन व्होल्टपर्यंत आवाज निघतो. बहुतेक पॉवर ॲम्पचं पोट दीड-दोन व्होल्टात भरतं. म्हणजे सीडी ऐकताना या यंत्राला वाढवायला असं काही उरतच नाही. ते आवाज कमी करत बसतं. मोठं करायचं यंत्र म्हणून आणलं आणि ते दिवसभर लहान करतंय. "पण ते लहान कसं करतं, याला महत्त्व आहे," असं नाना म्हणाले. मला आमचे एक हेडमास्तर आठवले.

नानांकडे आहे तो प्रीॲम्प काही वाईट नाही. परदेशी आहे, व्हॉल्व्हचा आहे, थंडीत मांजर त्याच्यावर झोपतं. पण त्याच कंपनीने तीन वर्षांपूर्वी ‘मार्क टू’ काढला, आणि ज्या दिवशी ती बातमी आली त्या दिवसापासून घरातल्या प्रीॲम्पचं नाव, कोणीही बारसं न करता, ‘मार्क वन’ पडलं. आदल्या दिवशीपर्यंत जो सुरेल होता, त्याच्या गळ्यात एकदम खरखर आली. नाना मला वर बोलवायचे, डोळे मिटायला सांगायचे आणि विचारायचे, "येतेय ना?" मला पंख्याची यायची. पंखा बंद केल्यावर माझ्या श्वासाची यायची. "तीच ती," नाना म्हणायचे.

हे वेड आलं कुठून, तर घरातल्या फिलिप्सच्या रेडिओतून. बटण फिरवल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत वाट बघायची, मग मागच्या जाळीतून तांबूस उजेड दिसायचा आणि कुठूनतरी लांबून माणूस बोलत बोलत जवळ यायचा. कॉलेजात असताना नाना पासोड्या विठोबापाशी सायकल लावून तापकीर गल्लीत शिरायचे आणि खिशात टू-एन-थ्री-झीरो-डबल-फाइव्ह घेऊन बाहेर पडायचे. हे प्रेयसीचं नाव नव्हे, ट्रान्झिस्टरचं आहे. त्या काळी घरी ॲम्प्लिफायर बांधणाऱ्या प्रत्येक पोराला हा नंबर आईच्या वाढदिवसापेक्षा पाठ होता. पुढे कर्वे रोडवर अलुरकर म्युझिक हाऊसमध्ये शनिवारची संध्याकाळ. ते दुकान बंद झालं तेव्हा नानांनी सुतक पाळल्यासारखा चेहरा कित्येक महिने ठेवला होता.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. नाना गाणं ऐकत नाहीत. म्हणजे गाणं चालू असतं, नाना समोर असतात, पण त्यांचं लक्ष खोकल्याकडे असतं.

त्यांच्याकडे एका जुन्या मैफलीची रेकॉर्ड आहे. कुणाची, हे सांगत नाही. ज्यांचं घराणं असेल ते भांडायला येतील. बडा ख्याल रंगात आलाय, गवई समेकडे सरकतोय आणि तेवढ्यात श्रोत्यांत कुणीतरी खोकतं. नानांची सारी श्रवणसाधना या खोकल्याभोवती उभी आहे. तापकीर गल्लीच्या ॲम्प्लिफायरवर तो खोकला नव्हताच. एक ठपका होता. पुढच्या यंत्रावर कळलं की खोकला आहे. मग स्पीकर बदलले तेव्हा तो डावीकडे सरकला. मार्क वन आल्यावर तिसऱ्या रांगेत बसला. "कोरडा नाही हो," नानांनी मला सद्गदित होऊन सांगितलं होतं, "कफ आहे त्याला." आता मार्क टूवर त्या गृहस्थाची प्रकृती आणखी स्पष्ट होईल, अशी आशा आहे. ती मैफल होऊन पन्नास वर्षं झाली. ते गृहस्थ बहुधा आता नसतील. पण त्यांच्या छातीची इतकी काळजी त्यांच्या घरच्यांनीही केली नसेल.

सवाईला नाना दरवर्षी जातात. रमणबागेत होता तेव्हाही जायचे, आता मुकुंदनगरला होतो तिथेही डबा, शाल आणि उशी घेऊन जातात, आणि दरवर्षी परत आल्यावर एकच तक्रार असते. "तबलजी बसलेला दिसतो एका बाजूला आणि तबला ऐकू येतो सगळीकडून. ही काय रीत झाली? माझ्याकडे ये, तबला जिथे ठेवलाय तिथेच वाजतो." एकदा तर म्हणाले, "प्रत्यक्ष गाण्यात तपशील फार कमी पडतो."

मी मुद्दाम विषय काढला होता गौहरजानचा. १९०२ मध्ये कलकत्त्याला तिचं ध्वनिमुद्रण झालं ते भोंग्यात तोंड घालून. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ चं. म्हणजे मधली वीस-बावीस वर्षं भलेभले गवई तीन-तीन मिनिटांत राग बसवून मोकळे झाले, आणि सगळ्या प्रवासात प्रीॲम्प कुठेच नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या सुरुवातीच्या तबकड्या त्यातल्याच. माझे आजोबा त्या ऐकून रडत असत. नाना शांतपणे म्हणाले, "रडणारच. खर्ज कुठे होता त्यात?"

विजेचं म्हणाल तर नानांचा महामंडळावर, देवावर आणि फ्रिजवर सारखाच अविश्वास आहे. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू झाला की तारेतून घाण येते, म्हणून मैफलीआधी फ्रिज बंद. दोनदा दूध नासलं, एकदा श्रीखंडाचा चक्का गेला. संध्याकाळी चार ते सहा मिक्सर लावायचा नाही असा घरात नियम आहे, आणि तो नियम म्हणजेच वहिनींचं शस्त्र. भांडण झालं की वहिनी बोलत नाहीत. द्रुत लयीत तराणा सुरू झाला की स्वयंपाकघरात खोबऱ्याची चटणी सुरू होते.

अर्थिंगचीही एक कथा आहे. सोसायटीचं अर्थिंग ‘सार्वजनिक’ आहे, त्यात सगळ्यांच्या गीझरचं पाप मिसळलेलं असतं, म्हणून नानांनी कंपाउंडच्या कोपऱ्यात स्वतःचा खड्डा खणून घेतला. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, सगळं यथासांग. खड्ड्याला ओल लागते, म्हणून रोज संध्याकाळी एक तांब्या पाणी. वॉचमन नवा होता. तो दीड महिना कौतुकाने बघत होता. मग त्याने नानांना विचारलं, "काका, हे कशाचं झाड? अजून कोंब नाही आला." सेक्रेटरींनी नोटीस लावली, नानांनी त्या नोटिशीतल्या शुद्धलेखनाच्या चार चुका लाल शाईने दुरुस्त करून दिल्या. खड्डा अजून आहे.

तर मार्क टू. नानांनी त्यासाठी दोनशे पानी वही घातली. मधोमध रेघ. डावीकडे ‘घ्यावा’, उजवीकडे ‘घेऊ नये’. मला ती बघायला मिळाली आहे. ‘घ्यावा’ खाली: आवाजाचं बटण आता कार्बनच्या पट्टीवर घासत नाही, रिलेवर पायरीपायरीने चढतं, पट्टी झिजण्याचा प्रश्नच नाही. ‘घेऊ नये’ खाली: पायरी चढताना टिक् असा आवाज होतो म्हणे. ‘घ्यावा’ खाली: वीजपुरवठ्याची पेटी वेगळी. ‘घेऊ नये’ खाली: म्हणजे दोन पेट्या पुसाव्या लागणार. तेराव्या पानावर नुसतं ‘वय’ असं लिहिलेलं होतं, आणि ते दोन्हीकडे होतं.

वयाचं लागून राहिलं म्हणून नाना कान तपासायला गेले. आवाजबंद खोलीत बसवून, हेडफोन घालून, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. आलेख मिळाला. वरच्या स्वरांच्या बाजूला रेघ सिंहगडाच्या कड्यासारखी सरळ खाली. डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानाने चांगले आहेत." दुसरा कुणी खचला असता. नाना खाली आले ते दोन गोष्टी घेऊन. एक, त्या खोलीतल्या हेडफोनला खर्ज अजिबात नव्हता, तशी तोंडी तक्रार त्यांनी करून ठेवली होती. दोन, "फार वरचं मला येत नाही, हे आता कागदावर सिद्ध झालं. म्हणजे खालचं जे येतंय ते तरी चोख नको का यायला?" आलेख वहीत ‘घ्यावा’च्या बाजूला चिकटवला गेला.

जुन्याचं काय करायचं, हाही विचार होताच. गावात नानांसारखे आणखी पाचसहाजण आहेत. ते एकमेकांना आपापली यंत्रं विकतात. प्रभात रोडवरचा प्रीॲम्प सहकारनगरला जातो, तिथून औंधला, औंधहून बाणेरला, आणि काही वर्षांनी पहिल्याच मालकाच्या दारात येऊन उभा राहतो, "हा आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो" असं म्हणायला. लग्नात मिळालेला ब्लाउजपीस जसा न शिवता गावभर ओट्या भरत फिरतो, तसाच. फरक एवढाच की ब्लाउजपीस दर वेळी महाग होत नाही.

अशी तीन वर्षं सुखात गेली. मग एका सकाळी घात झाला. चहा पिताना नानांनी नेहमीप्रमाणे विषय काढला, आणि वहिनी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाल्या, "घ्या की."

नाना माझ्याकडे आले तेव्हा मला वाटलं कुणीतरी गेलं. सोफ्याच्या कडेवर बसले. पाणी मागितलं.

"ही हो म्हणाली रे."

"मग चांगलंच झालं की नाना."

"चांगलं काय? काहीतरी विचारून हो म्हणाली असेल का? किंमतसुद्धा विचारली नाही. असं कसं हो म्हणतं माणूस?"

त्या रात्री त्यांनी सॅन होजेला मुलीला फोन लावला. ती तरी दटावेल, अशी अपेक्षा. ती म्हणाली, "बाबा, घेऊन टाका ना एकदाचा, पैसे मी पाठवते." शेवटचा आधार म्हणून त्यांनी मला विचारलं, आणि मी बेसावध होतो, मीही "घ्या" म्हणालो. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जिन्यात भेटले तर खोकल्यासारखं करून पुढे गेले. मला राग आला नाही. ज्याच्या नाहीला टेकून माणूस वर्षानुवर्षं उभा असतो, ते ‘नाही’च सरकलं तर तो पडणारच.

पण ऑडिटचा माणूस. त्यातूनही वाट काढली. "ऐकल्याशिवाय नाही," असं वहीत लिहिलं, आणि मुंबईच्या विक्रेत्याकडून एक रात्र-एक दिवसासाठी मार्क टू मागवला. विक्रेत्याचा मुलगा बुधवारी संध्याकाळी सातला गाडीतून घेऊन आला. दोन खोकी. गुरुवारी पाचला परत नेणार.

मी लगेच वर धावलो. नानांनी दारातच अडवलं. "आत्ता काही नाही. खंडाळ्याचा घाट चढून आलाय तो. जरा बसू दे त्याला." मुंबईहून आलेल्या पाहुण्याला नानांनी कधी स्वतःहून बसायला सांगितलेलं मला आठवत नाही. रात्रभर व्हॉल्व्ह तापत ठेवायचे, सकाळी दहाला ऐकायचं, असं ठरलं. मी, सहकारनगरचे एक आणि औंधचे एक, असे तीन पंच. वहिनींनी पोहे करायचे, पण नऊच्या आत.

गुरुवारी साडेनऊला आम्ही हजर. दोन्ही प्रीॲम्प शेजारी शेजारी, नव्यावर अष्टगंधाचं बोट. खोकल्याची रेकॉर्ड पुसून तबकावर ठेवलेली. पावणेदहाला नानांनी फ्रिज बंद केला. पंखा बंद केला. औंधच्या गृहस्थांचं घड्याळ टिकटिक करत होतं, ते काढून बाथरूममध्ये ठेवलं. दहाला दोन मिनिटं असताना नानांनी सुई उचलली, आणि व्हॉल्व्हमधला तांबूस उजेड हळूहळू विझत गेला.

"अहो, फ्रिज बंद केलात का?" आतून वहिनी.

"केला."

"मग आता नका करू. सगळंच गेलंय."

पुण्यात गुरुवार हा देखभाल-दुरुस्तीचा वार. खाली फलकावर नोटीस होती: दहा ते पाच. नानांनी ती वाचली होती, हे विशेष. ‘दुरुस्ती’ शब्दातला रु त्यांनीच लाल शाईने दुरुस्त केला होता.

घरात इन्व्हर्टर आहे. तो पंख्याला चालतो. "इन्व्हर्टरची वीज चौकोनी असते," नाना म्हणाले, आणि त्यावर कुणी काही बोललं नाही. आम्ही बसून राहिलो. साडेदहा झाले, अकरा झाले. उठून जायचं कुणाला सुचेना. नाना डोळे मिटून दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, आपल्या खुर्चीत. लिफ्ट बंद, पंप बंद, आजूबाजूचे टीव्ही बंद. इतकं शांत पुणं मी टाळेबंदीनंतर ऐकलं नव्हतं. आणि तेवढ्यात खालून कुणीतरी खोकलं.

नानांनी डोळे उघडले नाहीत. एक बोट वर केलं.

"डावीकडे. तळमजला." थोडं थांबून म्हणाले, "सुटतोय आता कफ."

दुपारी पंच पांगले. पावणेपाचला मुलगा आला, लिफ्ट नव्हती, दोन खोकी एकेक करून तीन जिने उतरवली. दुसरं खोकं मी धरलं होतं. पाच वाजून सहा मिनिटांनी गाडी कर्वे रोडला लागली असेल, आणि सगळ्या इमारतीत एकदम पंखे फिरले.

मी वर गेलो तेव्हा नाना वही लिहीत होते. मला वाटलं होतं चिडले असतील. चेहऱ्यावर तीन वर्षांपूर्वीचं तेज परत आलं होतं. ‘घ्यावा’ खाली लिहिलं होतं: "शांतता अप्रतिम. पार्श्वभूमी काळीभोर. अशी मार्क वनला नाही." ‘घेऊ नये’ खाली: "गाणे ऐकलेले नाही."

"पुन्हा मागवायला हवा," नाना म्हणाले. "घाई नाही. पाऊस संपू दे, हवा फार दमट आहे. मग पितृपक्ष. दिवाळीत फटाके. सवाई झाला की बघू."

"गुरुवार सोडून," मी म्हणालो.

"गुरुवार सोडून."

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "कुठलाही वार धरा. त्या दिवशी मी चटणी करणार आहे, आत्ताच सांगून ठेवते."